बोर्ड स्वस्त, मदत कुणाची?

थर्ड इयरला मिनी प्रोजेक्ट आणि फायनल इयरला मेजर प्रोजेक्टचा विषय निघाला की हॉस्टेलच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये एकच चर्चा सुरू होते. बोर्ड कुठला घ्यायचा? कुणी म्हणतं आर्डुइनो घे, कुणी म्हणतं रास्पबेरी पाय घे, तर कुणी तिसराच एखादा बोर्ड शोधून काढतो आणि म्हणतो, "अरे, याच्यात रॅम दुप्पट आहे आणि किंमत कमी!" मग वहीच्या मागच्या पानावर तक्ता तयार होतो. प्रोसेसरचा वेग, रॅम, पिनांची संख्या, किंमत. या तक्त्यात एक रकाना मात्र नेहमी राहून जातो. अडलं तर विचारायचं कुणाला?

हा लेख त्या राहिलेल्या रकान्याबद्दल आहे. मी ई अँड टीसीचा विद्यार्थी. गेल्या तीन वर्षांत माझ्या आणि मित्रांच्या टेबलावर असे बरेच बोर्ड येऊन गेले. त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. स्वस्त बोर्ड घेताना आपण निम्मी वस्तू घेत असतो. उरलेली निम्मी म्हणजे त्या बोर्डाभोवती जमलेली माणसं, आणि ती बॉक्समध्ये येत नाहीत.

किमतीत काय धरलेलं नसतं?

आपल्या लॅबमधला ऑसिलोस्कोप महाग असतो. त्या किमतीत नुसते सुटे भाग नसतात. जाडजूड मॅन्युअल असतं, वॉरंटी असते, बिघडला तर कंपनीचा माणूस येतो. घरातला टीव्ही बिघडला तरी आपण सर्व्हिस सेंटरला फोन करतो. म्हणजे मदतीचे पैसे आपण आधीच भरलेले असतात.

आता रास्पबेरी पाय पाहा. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला, तेव्हा मॉडेल बी ची किंमत होती ३५ डॉलर. क्रेडिट कार्डाएवढा अख्खा कॉम्प्युटर! पण सोबत केस नाही, चार्जर नाही, मेमरी कार्ड नाही, की-बोर्ड नाही, आणि घरी येऊन दुरुस्त करून देणारा माणूस तर नाहीच. केंब्रिजमधले एबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी यांना काळजी होती ती कॉम्प्युटर सायन्सला येणाऱ्या मुलांची. येणाऱ्यांची संख्या घटत होती आणि जी येत होती, त्यांनी स्वतः खटपट करून काही बनवलेलं नसायचं. मोडलं तरी जीव हळहळू नये इतका स्वस्त कॉम्प्युटर मुलांच्या हातात द्यायचा, हा त्यांचा विचार. एवढ्या किमतीत घरपोच सेवा बसणं शक्यच नव्हतं.

मग हा बोर्ड चालला कसा? इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या पायमधल्या एआरएमच्या जुन्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये दशांश आकडेमोड वेगाने करणारा भाग होता. पण डेबियन लिनक्सच्या ज्या आवृत्त्या त्या वेळी तयार मिळत होत्या, त्यातली एक या भागाचा नीट उपयोग करत नव्हती आणि दुसरी फक्त नव्या पिढीच्या प्रोसेसरवर चालत होती. म्हणजे इंजिन होतं, पण गिअरच पडत नव्हता. माइक थॉम्पसन आणि पीटर ग्रीन हे दोघे या कामाला लागले. दोघेही पाय बनवणाऱ्या संस्थेचे नोकर नव्हते. त्यांनी डेबियनची ३५ हजारांहून जास्त पॅकेजेस या प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल केली आणि जून २०१२ मध्ये पहिली फेरी पूर्ण झाली. त्याचं नाव रास्पबियन. पुढे कितीतरी वर्षं पाय विकत घेणारा जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा हीच सिस्टीम कार्डावर टाकत होता. आज ती रास्पबेरी पाय ओएस या नावाने पुढे चालू आहे. ३५ डॉलरमध्ये या दोघांच्या रात्रींचा हिशेब कुठेच नव्हता.

कॉपी बोर्डाचं कोडं

आर्डुइनोची गोष्ट थोडी वेगळी. २००५ मध्ये इटलीतल्या इव्ह्रेया गावातल्या डिझाइन संस्थेत तो जन्मला. विद्यार्थ्यांना परवडेल आणि इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्यालाही वापरता येईल असा बोर्ड करायचा होता. त्याचा सर्किट डायग्राम सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यामुळे कुणीही तसाच बोर्ड बनवू शकतो. आपण बाजारातून जो 'नॅनो' आणतो, तो बहुतेक वेळा असाच दुसऱ्या कुणीतरी बनवलेला असतो. किंमत अगदी कमी. पण मूळ बनवणाऱ्यांनी तो विकलेला नसतो, म्हणून मदत करायला ते बांधील नसतात. आणि ज्याने बनवला त्याचं नावसुद्धा आपल्याला माहीत नसतं.

दरवर्षी सेकंड इयरचा कुणीतरी दारात उभा राहतो. "दादा, बोर्ड डिटेक्टच होत नाही. डेड आहे वाटतं." बोर्ड उलटा करून पाहिलं की बहुतेक वेळा उत्तर समोर असतं. यूएसबीसाठी त्यावर सीएच ३४० नावाची स्वस्त चिप बसवलेली असते आणि तिचा ड्रायव्हर कॉम्प्युटरवर टाकलेला नसतो. ड्रायव्हर टाकला की पोर्ट दिसतो. मग दुसरी अडचण. प्रोग्रॅम अपलोड करताना 'नॉट इन सिंक' असा एरर येत राहतो. तेव्हा प्रोसेसरच्या यादीत 'ओल्ड बूटलोडर' हा पर्याय निवडून पाहायचा, कारण अशा बऱ्याच नॅनोंमध्ये जुना बूटलोडर असतो. दोन मिनिटांचं काम! पण हे कुठल्याही टेक्स्टबुकात नाही. आधी कुणीतरी अडलं, त्याने शोधून काढलं आणि इतरांना सांगितलं, म्हणून ते आज आपल्याला ठाऊक आहे.

ईएसपी ८२६६ तर लोकांनीच मोठा केला असं म्हणायला हरकत नाही. २०१४ मध्ये चीनच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप छोट्या मॉड्यूलवर बसून स्वस्तात मिळू लागली. वाय-फाय एवढ्या कमी पैशांत, हे तेव्हा कुणाला खरं वाटत नव्हतं. पण माहिती चिनी भाषेत. जगभरच्या हौशी लोकांनी ती कागदपत्रं भाषांतरित केली, कमांड एकेक करून तपासल्या आणि निष्कर्ष सगळ्यांपुढे ठेवले. २०१५ मध्ये इव्हान ग्रोखोत्कोव्ह यांनी सुरू केलेल्या कामामुळे ही चिप थेट आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधून प्रोग्रॅम करता येऊ लागली. आज आपले पाण्याच्या टाकीचे आणि ठिबकचे निम्मे प्रोजेक्ट त्या चिपवर किंवा तिच्या धाकट्या भावंडांवर चालतात.

ताकद असून एकटे पडलेले

उलट बाजूही पाहू. २०१३ मध्ये इंटेलने गॅलिलिओ नावाचा बोर्ड आणला. प्रोसेसर ४०० मेगाहर्ट्झचा, तर आर्डुइनो उनोचा फक्त १६ मेगाहर्ट्झ. जगभरातल्या एक हजार विद्यापीठांना ५० हजार बोर्ड देण्याची घोषणाही झाली. मागे उभी कंपनी केवढी! पण २०१७ मध्ये इंटेलने गॅलिलिओ आणि त्याच्या भावंडांचं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. कंपनीच्या आधारावर उभा असलेला बोर्ड कंपनी बाजूला होताच मागे पडला. २०१० चा उनो मात्र आजही आपल्या लॅबच्या कपाटात आहे आणि त्यावरचे जुने प्रोग्रॅम चालतात.

दुसरं उदाहरण 'चिप' नावाच्या ९ डॉलरच्या कॉम्प्युटरचं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नेक्स्ट थिंग कंपनीने लोकांकडून आगाऊ पैसे जमवून तो काढला. २० लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. २०१८ मध्ये कंपनी बुडाली. तिच्याबरोबर सिस्टीम टाकण्यासाठी लागणाऱ्या फाइल्सही गेल्या असत्या. पण वापरणाऱ्यांनी त्या आधीच उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून लोकांकडचे 'चिप' पुन्हा चालू करता आले. म्हणजे कंपनी गेल्यावरही माणसं उरली तर बोर्ड जगतो.

आपल्या हॉस्टेलवरचंच एक उदाहरण सांगतो, बोर्डाचं नाव घेत नाही. चार जणांच्या एका ग्रुपने चेहरा ओळखून हजेरी लावायचा प्रोजेक्ट घेतला. त्यांनी पायपेक्षा स्वस्त आणि दुप्पट रॅमचा बोर्ड मागवला. प्रत्येकाने घरून पैसे आणले होते. एकाच्या वडिलांना उसाचं बिल अजून मिळायचं होतं, तरी त्यांनी दिले. बोर्ड चांगला होता, तक्त्यातले सगळे आकडे खरे होते. पण कॅमेरा चालेना. सिस्टीमची एकच फाइल मिळत होती, तीही जुनी, आणि तिच्यात त्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर नव्हता. तोच एरर आलेला दुसरा माणूस त्यांना जगात सापडला नाही. दीड महिना गेला. रिव्ह्यूला आठ दिवस उरले असताना एका सिनियरचा जुना पाय उसना आणला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅमेऱ्यात चेहरे दिसायला लागले. जुना पाय वेगाने कमीच होता. पण त्यांचा प्रत्येक एरर आधी कुणाला तरी आलेला होता.

हे आजचं नाही

१९८१ च्या शेवटी इंग्लंडमध्ये बीबीसी मायक्रो नावाचा घरगुती कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी टीव्हीवर कार्यक्रम झाले, मासिकं निघाली, वापरणाऱ्यांचे क्लब झाले. मुलं मासिकातला प्रोग्रॅम टाइप करायची आणि चालला नाही तर क्लबमध्ये विचारायची. तोच कॉम्प्युटर १९८४ पासून 'क्लास' नावाच्या सरकारी प्रकल्पातून भारतातल्या निवडक शाळांतही आला. इथे यंत्र आलं, पण शिक्षकांचं प्रशिक्षण आणि देखभाल मागे पडली. मशीन सारखंच होतं, त्याच्याभोवतीची माणसं तेवढी नव्हती. रास्पबेरी पायच्या 'मॉडेल ए' आणि 'मॉडेल बी' या नावांत त्याच बीबीसी मायक्रोची आठवण आहे.

आणि आपल्या जवळपास?

मदत म्हणजे फक्त परदेशातली, इंग्रजीतली, असं समजायचं कारण नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांनी हातांनी काम करत शिकावं, हा त्यामागचा विचार. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने तिथे फॅब लॅब उभी राहिली. ती अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. एका खेड्यातली लॅब जगातल्या इतर लॅबशी जोडली गेली ती याच तत्त्वावर, की एका ठिकाणी जमलेलं दुसऱ्याला सांगायचं.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. त्याच संस्थेच्या ई-यंत्र प्रकल्पाने अनेक इंजिनीअरिंग कॉलेजांत रोबोटिक्सच्या लॅब उभ्या करायला मदत केली. सांगलीच्या वालचंद कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांनीच चालवलेला लिनक्स वापरणाऱ्यांचा गट आहे. आणि पुण्यात सुटे भाग घ्यायला जाल तर बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात जा. विठोबा तिथेही आहेच! काउंटरवर गर्दी नसेल तेव्हा विचारा. कुठलं सेन्सर परत येतं आणि कुठलं येत नाही, हे त्या दुकानदारांना डेटाशीटपेक्षा चांगलं माहीत असतं.

सगळ्यात जवळची माणसं मात्र आपण विसरतो. आपले लॅब असिस्टंट, ज्यांना आपण मामा म्हणतो, त्यांनी दरवर्षीचे प्रोजेक्ट जळताना पाहिले आहेत. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, तिथे ५ व्होल्ट दिले तर बोर्ड जातो, हे मामा मल्टिमीटर हातात घेऊनच सांगतात. स्क्रीनवर विजेचं पिवळं चिन्ह दिसलं तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका, आधी चार्जर आणि बारीक केबल बदला, हेही मी त्यांच्याकडूनच ऐकलं.

विचारायचं कसं?

अनोळखी माणूस आपला नोकर नाही. तो जेवण झाल्यावरचा अर्धा तास आपल्याला देतो. "माझा बोर्ड चालत नाही, अर्जंट, प्लीज हेल्प" यावर तो काय सांगणार? त्याऐवजी असं लिहा किंवा सांगा: बोर्ड कुठला आणि कितवी आवृत्ती, सप्लाय किती व्होल्ट आणि किती अँपिअरचा, काय जोडलं आहे, एरर अक्षर न अक्षर काय आला, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं. तीनशे ओळींचा कोड न देता ज्या दहा ओळींत अडचण येते तेवढ्याच द्या. गंमत म्हणजे असा प्रश्न लिहिता लिहिता पुष्कळ वेळा उत्तर आपल्यालाच सापडतं.

उत्तर मिळालं की त्याची तारीख बघा. जुनी उत्तरं त्या वेळी बरोबर असतात, आज नसतात. पायमध्ये लॉगिनसाठी ठरलेलं नाव आणि पासवर्ड एप्रिल २०२२ पासून काढून टाकला आहे, तरी जुन्या मार्गदर्शनात तोच दिलेला असतो. पिना चालवायची जुनी पायथन लायब्ररी पाय ५ वर चालत नाही, कारण त्यात पिनांचं काम वेगळ्या चिपकडे गेलं आहे. तेव्हा मार्गदर्शन चुकीचं नसतं, बोर्ड पुढे गेलेला असतो.

आणि एक मर्यादा कायम लक्षात ठेवा. रिलेच्या पलीकडे २३० व्होल्ट असतील, तर कुणा अनोळखी माणसाच्या भरवशावर वायर जोडायची नाही. तिथे इलेक्ट्रिकलच्या सरांना समोर उभं करूनच काम करायचं.

घेण्याआधी राहिलेला रकाना भरा

बोर्ड मागवण्याआधी एक संध्याकाळ खर्च करा. त्याच्या नावापुढे 'कॅमेरा', 'वाय-फाय' असे शब्द लावून शोधा आणि शेवटचं उत्तर कधीचं आहे ते पाहा. सिस्टीमची फाइल शेवटची कधी सुधारली? सर्किट डायग्राम मिळतो का? आपल्याला लागणाऱ्या सेन्सरची लायब्ररी त्यावर कुणी चालवून पाहिली आहे का? आणि शेवटचं, आपल्या कॉलेजमध्ये तो बोर्ड अजून कुणाकडे आहे? या पाचांपैकी तिनांचं उत्तर 'नाही' आलं, तर दुप्पट रॅमच्या मोहात पडू नका.

आपण पंढरपूरला राहतो, म्हणून एक गोष्ट आपल्याला सांगावी लागू नये. आषाढीला येणारा वारकरी एकटा निघत नाही, दिंडीबरोबर निघतो. दिंडीत जेवण मिळतं, तंबूत जागा मिळते, पाय दुखले तर कुणीतरी तेल लावून देतं. पण दिंडीत भिशी भरावी लागते, आणि ज्याला जमेल तो पाणी आणतो, भांडी उचलतो, तंबूची दोरी ओढतो. फक्त पंगतीला बसणारेच जमले तर दिंडी दुसऱ्या मुक्कामाला पोहोचणार नाही.

आपली भिशी काय असावी? माझी एक सूचना आहे. प्रोजेक्ट लॅबमध्ये एक जाड रजिस्टर ठेवू या. ज्याला जो एरर आला, त्याने बोर्डाचं नाव, तारीख, एरर आणि शेवटी कशाने सुटला ते मराठीत, इंग्रजीत, जसं जमेल तसं चार ओळींत लिहायचं. न सुटलेलं असेल तर तेही लिहायचं. प्रोजेक्ट संपल्यावर बोर्ड कपाटात धूळ खात न ठेवता ज्युनिअरला उसना द्यायचा. सरांनाही एक विनंती आहे. प्रोजेक्टच्या मार्कांमध्ये दोन मार्क या नोंदींना ठेवता आले तर फार बरं होईल. आपण पास होऊन जाऊ, पण रजिस्टर लॅबमध्ये राहील. आणि पुढच्या वर्षी उसाचं बिल यायच्या आधी घरून पैसे आणणाऱ्या कुणाचे तरी दीड महिने वाचतील.

पहिलं पान मी लिहायला घेतलं आहे. सीएच ३४० पासून सुरुवात केली आहे. पुढचं पान तुमचं.